कानसेनांचे प्रश्न : मेटल ऐकणाऱ्याने ख्याल कुठून सुरू करावा?

प्रश्न : कॉलेजात मी पक्का मेटलवाला. धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक या रॉक महोत्सवाला न चुकता हजेरी, काळे टी-शर्ट, कॅसेटींची देवाणघेवाण. आता ४८व्या वर्षी तेच अल्बम दोन गाण्यांपुढे ऐकवत नाहीत. शास्त्रीय संगीत ओढतंय, पण ख्याल लावला की दहा मिनिटांत लक्ष उडतं. जुना ग्रुप म्हणतो, ‘तू बदललास’. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी कान तपासून घ्या. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात, आणि स्पीकरसमोर उभं राहून वर्षं काढलेल्यांना हे लवकर जाणवतं. मग झांजा आणि डिस्टॉर्शनची गिटार एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. ८५ डेसिबल आवाज ८ तास, ही सुरक्षिततेची एक रूढ मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. कानात सतत शिट्टी वाजत असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) लांबवू नका.

दुसरं कारण ध्वनिमुद्रणात आहे. अनेक जुन्या अल्बमांच्या रीमास्टर (नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या) आवृत्त्यांत सगळाच आवाज वर चढवलेला असतो. हळू-जोरातला फरक गेला की कान थकतो. मूळ वर्षाची आवृत्ती शोधून तोच अल्बम पुन्हा ऐका.

आता ख्याल. तुम्ही थेट विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत शिरलात, तिथेच चुकलं. विलंबित एकतालात मात्रा (तालाचे ठोके) १२. एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची धरली तर आवर्तन (तालाची एक फेरी) जवळपास मिनिटभराचं होतं. मेटलचा कान दोन सेकंदांत चार ठोके मोजतो, त्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडणार कशी? म्हणून पहिले पंधरा दिवस १६ मात्रांच्या तीनतालातलं तबला सोलो ऐका. मागे सारंगी किंवा पेटीवर लेहरा (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) फिरत असतो. तो पहिल्या जागी परतला की सम. हाताने टाळी द्या : १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायचा. तिहाई, म्हणजे तोच बोलांचा तुकडा, तीनदा येऊन समेवर आदळते, ती न चुकता पकडता आली की पुढे जा. रिफ मोजायची तुमची सवय इथे कामाला येते. ती टाकून देऊ नका.

मग एकच राग घ्या, यमन चालेल, आणि तीन गायकांच्या द्रुत (जलद) बंदिशी ऐका. त्यानंतर मध्यलय झपताल, १० मात्रांचा. दुसऱ्या महिन्यात विलंबिताकडे या, पण मोजत बसू नका. एकतालाच्या ठेक्यात (तबल्यावरच्या ठरलेल्या बोलांत) ‘तिरकिट’ हा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दुसरा तिरकिट वाजला की सम येईपर्यंत दोनच मात्रा उरल्या. त्याच सुमारास गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलतो. ही जागा एकदा कळली की तुम्हीही समेची वाट पाहू लागता, आणि मग कंटाळा येत नाही. बैठक वीस मिनिटांचीच ठेवा, पण हातात दुसरं काम नको.

ग्रुपचं म्हणाल तर, त्या काळी एक कॅसेट कुणाकडे तरी यायची आणि दहा जण ती उतरवून घ्यायचे. संगीत दुर्मीळ होतं म्हणून एकमेकांची गरज होती. आज सगळं फोनवर मिळतं, तेव्हा तो धागा आपोआप सैल पडतो. यात तुम्ही कुणाला सोडलेलं नाही. नुसतं ‘भेटू या’ म्हणून भागत नाही. सगळ्यांच्या हाताला एकत्र काम द्या : जुन्या कॅसेटी डिजिटल करणं. ते कसं, हे पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : माळ्यावरच्या ६०-७० कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते. डिजिटल करता येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येतील, पण तशाच लावू नका, बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात दोनेक आठवडे ठेवा, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या कापडाने पुसा. स्क्रूची कॅसेट असेल तर रीळ दुसऱ्या खोक्यात बसवणं उत्तम. टेपमागची फेल्टची छोटी गादी निखळली असेल तर आवाज दबका येतो. ती आधी बघा.

हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी बारीक दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने. अल्कोहोलने रबर कडक होऊ शकतं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. दुसऱ्याच्या डेकवर उतरवलेली असेल तर हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवून झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) फक्त तसं रेकॉर्डिंग असेल तरच चालू करा.

वायर लाइन-इनमध्ये लावा. माइकच्या भोकात लावली तर आवाज फाटतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, आणि सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास. मूळ फाइल जपून ठेवल्याशिवाय खरखर काढायला जाऊ नका.

बाजारातल्या कॅसेटी मागे ठेवा, घरी उतरवलेल्या आधी घ्या. आणि आतला हाताने लिहिलेला कागदही स्कॅन करा. कॅसेट कोणाकडून उतरवली, त्याचं नाव बरेचदा तिथेच सापडतं.