ब्लोअरचा फ्लो मीटर कमी दाखवतोय? आकडा बदलण्याआधी मीटर धुवा

तुम्ही विचारलंय की द्राक्षबागेच्या ब्लोअरवर, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्रावर, फ्लो मीटर (किती लिटर गेले ते मोजणारा) आणि कंट्रोलर (ते स्क्रीनवर दाखवून फवारा कमी-जास्त करणारा) बसवून दोन हंगाम झाले. आता ६०० लिटरची टाकी रिकामी होते तेव्हा स्क्रीनवर ५२५ लिटरच दिसतात. मग मीटर नवा घ्यायचा, की कॅलिब्रेशनचा आकडा बदलून भागेल?

आज यातलं काहीच करू नका. माझी बाग दिंडोरी तालुक्यात आहे, आणि याच वळणावर चुकून मी एक हंगाम हातचा घालवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा मीटर ६०० च्या टाकीला ५४० दाखवायचा. मी सरळ सेटिंगमध्ये गेलो, आकडा दहा टक्क्यांनी उतरवला, स्क्रीन आणि टाकी जुळली, मी निश्चिंत झालो. आठवड्याभराने धाकट्या भावाने गाळण्या धुताना मीटरही खोलून स्वच्छ केला. मला सांगायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्यानंतर जी टाकी दीड एकरात संपायची ती जवळजवळ पावणेदोन एकराला पुरायला लागली. औषध वाचतंय म्हणून मला बरंच वाटलं. प्रत्यक्षात एकरी ४०० लिटरच्या जागी ३६० जात होतं आणि स्क्रीन मात्र ४०० च दाखवत होती. बाग फुलोऱ्यात, त्यात तीन दिवस पाऊस, आणि घडांवर डावणी हा बुरशीचा रोग उतरला. सगळा दोष मीटरचा असं म्हणणार नाही, पाऊस पाऊसच होता. पण ज्या दिवसांत पानापानाला औषध पोचायला हवं होतं, त्याच दिवसांत मी ते कमी मारत होतो, तेही हिशोब बरोबर आहे या खात्रीने.

झालं होतं असं. आपल्याकडे ब्लोअरवर बसवलेला मीटर बहुतेक वेळा पंख्याचा असतो. आत छोटा पंखा, त्याच्या पात्यांत चुंबक, बाहेर सेन्सर. पाणी पंखा फिरवतं, सेन्सर पल्स, म्हणजे चुंबक समोरून गेल्याचे ठोके, मोजतो, आणि एका लिटरला किती पल्स हा आकडा कंट्रोलरमध्ये भरलेला असतो. गंधकाची किंवा मॅन्कोझेबची (दोन्ही बुरशीनाशकं) पावडर पंख्याच्या आसाला चिकटली की पंखा जड होतो, पल्स कमी पडतात, मीटर कमी लिटर दाखवतो. तुमच्यासारखंच. आणि कंट्रोलर ऑटोवर असेल तर त्याला वाटतं औषध कमी जातंय, म्हणून तो व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्त सोडतो. म्हणजे मळलेला मीटर दाखवतो कमी आणि बागेवर पाडतो जास्त. उन्हाच्या दिवसांत गंधक जास्त पडलं की पानं आणि कोवळे मणी भाजतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचा कंट्रोलर ऑटोवर असेल तर मीटर तपासेपर्यंत मॅन्युअलवर टाका आणि प्रेशर गेज बघून फवारा.

आता धुणं. हातमोजे घाला, टाकीत स्वच्छ पाणी घेऊन पाच-दहा मिनिटं चालवा, मग मीटर काढा. काढण्याआधी बाणाची दिशा आणि पंख्याची कुठली बाजू पुढे होती याचा फोटो काढून ठेवा. उलटा बसलेला पंखा फिरतो, पण मोजतो भलतंच. गंधक-मॅन्कोझेबचा थर साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला की सुटतो, मऊ टूथब्रशने निघतो. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारत असाल तर चुन्याचा पांढरा थर साबणाने जाणार नाही. त्याला साधं व्हिनेगर लावा, पंधरा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. लोखंडी फिटिंगमधून आलेला गंजाचा चुरा चुंबकाला धरून बसतो, तोही ब्रशनेच काढा. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: कंप्रेसरची हवा मारू नका. पंखा गर्रकन फिरताना बघायला बरं वाटतं, पण पाण्यात तो कधीच फिरणार नाही इतक्या वेगाने कोरडा फिरतो आणि बेअरिंग जातं. तोंडानेही फुंकू नका, ते औषध आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे धूळ उडवायचा रबरी फुगा असतो, तो दाबून बघा. त्या हलक्या झुळुकीने पंखा फिरला पाहिजे आणि हळूहळू थांबला पाहिजे. अडखळून थांबला तर आस किंवा बेअरिंग झिजलंय. अशा वेळी अख्ख्या मीटरऐवजी नुसता पंख्याचा संच मिळतो का ते आधी विचारा. जोडताना वायरच्या कनेक्टरमध्ये ओल किंवा हिरवा गंज नाही ना, तेही बघून घ्या.

हे सगळं झाल्यावरच मोजायला घ्या, आणि टाकीवरच्या खुणांवर विसंबू नका. ट्रॅक्टर थोडा तिरका उभा असला तरी खूण चुकते, आणि ६०० ची म्हणून घेतलेली टाकी काठोकाठ भरली की बरोबर ६०० घेतेच असं नाही. तुमच्या त्या ७५ लिटरच्या फरकातले काही लिटर टाकीचेच असू शकतात. वजनावर भरवसा ठेवा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पॅकिंगच्या शेडमधला प्लॅटफॉर्म काटा चालेल. रिकाम्या बॅरलचं वजन लिहून घ्या. ब्लोअरचा हवेचा मोठा पंखा बंद ठेवा, सगळ्या नोझलना नळ्या बांधून त्या बॅरलमध्ये सोडा, रोजच्या फवारणीला ठेवता तेवढंच प्रेशर ठेवा. स्क्रीन शून्यावर आणा आणि शंभरेक लिटर जाऊ द्या. बादलीभर पाण्यावर केलेलं कॅलिब्रेशन माझ्या मते करू नये, कारण चालू-बंद करतानाची चूकच त्यात मोठी पडते. वापरायचं ते स्वच्छ पाणी, औषधाचं नाही.

समजा मीटरवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर लिटरला १६० पल्स लिहिलेत आणि कंट्रोलरमध्येही तेच भरलेत. स्क्रीनने १०५ लिटर दाखवले आणि काट्यावर १२० किलो पाणी भरलं. मग १६० गुणिले १०५ भागिले १२०, म्हणजे १४०. हा तुमचा नवा आकडा. स्क्रीन कमी दाखवत असेल तर आकडा उतरतो, जास्त दाखवत असेल तर चढतो. एका मोजणीवर बदल करू नका, तीनदा मोजा. तिन्ही वेळा फरक साधारण सारखा आला तर आकडा बदला. एकदा चार टक्के, एकदा अकरा असं आलं, तर आकड्याने काहीच सुधारणार नाही. मीटर अजून अडकतोय, नाहीतर हवा ओढतोय. आणि धुतल्यावर पट्टीवरच्या आकड्यालाच दोन टक्क्यांच्या आत येत असेल तर मी तरी त्याला हात लावत नाही.

बाहेरून आलेल्या कंट्रोलरवर एक तपासा, तो आकडा लिटरला मागतो की गॅलनला. अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. एकाचा आकडा दुसऱ्यात भरला तर हिशोब जवळपास चौपट चुकतो.

बसवलेली जागाही बघा. बायपासचं आणि टाकी ढवळायचं पाणी जिथून परत फिरतं, त्याच्या पुढे, नोझलकडे जाणाऱ्या पाइपात मीटर हवा. त्याच्या आधी, पाइपाच्या व्यासाच्या दहापट तरी सरळ पाइप असावा, नाहीतर एल्बोतून पाणी भोवरा घेत येतं आणि मोजणी हलते. टाकी तळाला आली की पंप हवा ओढतो आणि बुडबुड्यांनी पंखा उगाच पळतो, म्हणून शेवटच्या तीस-चाळीस लिटरचं वाचन मी धरत नाही.

मीटर बरोबर आहे हे मीटरलाच विचारून कळत नाही, म्हणून दर महिन्याला एक आडवी तपासणी करतो. एकेका नोझलचं एका मिनिटाचं पाणी मापात धरतो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त सोडणारं नोझल काढून टाकतो. सगळ्यांची बेरीज समजा मिनिटाला २० लिटर आली. ओळीतलं अंतर ९ फूट म्हणजे साधारण २.७ मीटर, ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटर. २० गुणिले ६०० भागिले साडेचार, भागिले २.७, म्हणजे हेक्टरी सुमारे ९९० लिटर, एकरी ४००. स्क्रीन यापासून फार लांब गेली तर काहीतरी बिघडलंय. ट्रॅक्टरचा वेगही स्क्रीनवरून घेऊ नका, बागेतच १०० मीटर टेपने मोजून घड्याळ लावा. साडेचारच्या वेगाला ८० सेकंद लागतात.

एवढा खटाटोप कशाला असं घरचेही विचारतात. २०१० साली युरोपला गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे अडकली. त्याचं कारण फ्लो मीटर नव्हतं, पण तेव्हापासून फवारणीच्या वहीतला प्रत्येक आकडा मला जबाबदारीने लिहावासा वाटतो. वहीत एकरी ४०० लिहायचं आणि वेलीवर ४५० मारायचं, हे मला पटत नाही.

रोजची निगा थोडी आहे. फवारणी संपली की त्याच दिवशी स्वच्छ पाणी चालवा, औषध आत वाळू देऊ नका. ते पाणी विहिरीजवळ किंवा पाटात न सोडता बागेच्याच कडेच्या ओळींवर फिरवा. पावडर आधी बादलीत कालवून, कापडातून गाळूनच टाकीत घाला. मीटरच्या आधीची गाळणी दर फवारणीला धुवा. आणि मीटर कोणी खोलला, कधी धुतला, त्यानंतर वजनावर किती आला, हे फवारणीच्या वहीतच लिहा. घरात आणखी कोणी ब्लोअरला हात लावत असेल तर त्यालाही ते लिहायला लावा.

तुमच्या मीटरच्या पट्टीवरचा आकडा आणि धुतल्यानंतरची तीन वजनं इथे टाका, पुढचा हिशोब मिळून करू.