खुर्चीचे पाय आणि जडावकाम: जिग की संगणकी राउटर?

प्रश्न : सहा खुर्च्यांच्या २४ पायांवर प्रत्येकी दोन, म्हणजे ४८ खाचा पाडायच्या आहेत. शिवाय टेबलाच्या फळीवर वेलबुट्टीचे जडावकाम आहे. शेपर ओरिजिनसारखा संगणकी हातराउटर (लाकडात खाचा कोरणारे विजेचे हत्यार) घेतला तर जिग (लाकूड धरणारी किंवा हत्याराला वाट दाखवणारी चौकट) बनवण्याचा व्याप वाचेल का?

उत्तर : खाचांपुरता तरी नाही. हा राउटर लाकडावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या खुणा कॅमेऱ्याने वाचून आपली जागा ओळखतो. ढकलायचे काम तुमचे, रेषेवर राहण्याची बारीक दुरुस्ती त्याची. फार भरकटलात तर तो बिट (फिरणारे पाते) वर उचलून घेतो. पण त्याला टेकायला रुंद, सपाट जागा लागते. ४५ मिमीच्या पायावर तो डुलणार, आणि पट्टीलाही जागा नाही. पाय धरायला जिग करावाच लागणार असेल, तर सरळ साध्या राउटरसाठी साचाच करा.

१२ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या. राउटरच्या तळाला बुश, म्हणजे बिटभोवतीची, साच्याच्या कडेला टेकून सरकणारी नळी, बसवा. बुशाचा बाहेरचा व्यास १६ आणि बिट ८ मिमी असेल, तर प्रत्येक बाजूला (१६−८)÷२ = ४ मिमी वाढवायचे. ८×४० मिमी खाचेसाठी साच्यात १६×४८ मिमी भोक. बुशाची नळी साच्याच्या जाडीपेक्षा आखूड हवी, नाहीतर राउटर साच्यावर बसतच नाही. खाच ३० मिमी खोल असेल तर बिट तळापासून ४२ मिमी बाहेर यायला हवी. दर फेरीला ५ मिमीच उतरा. फेऱ्यांच्या मध्ये भुसा काढा. टोकाला भुसा दाबला गेला की बुश अलीकडेच अडते आणि खाच आखूड होते. बुश बिटच्या नेमक्या मध्यावर नसेल तर राउटर फिरवताच खाच रुंदावते; म्हणून मूठ शेवटपर्यंत एकाच दिशेला ठेवा.

जडावकामाला मात्र संगणकी राउटरच. एकदाच लागणाऱ्या वळणांसाठी साचा कापत बसणे म्हणजे वेळेची नासाडी.

प्रश्न : चाचणीत जडावाचा तुकडा खाचेत बसत नाही. चित्र तर बरोबर आहे.

उत्तर : बिट कॅलिपरने मोजा. ६ मिमी लिहिलेली बिट ५.९ भरली, तर खाच ०.१ मिमी अरुंद आणि तुकडा ०.१ मिमी रुंद होतो, एकूण ०.२ मिमीचा घोळ. मोजलेला व्यास यंत्रात भरा. आधी रेषेपासून ०.५ मिमी राखून कापा, मग शेवटची हलकी फेरी नेमक्या रेषेवर. खाचेचे आतले कोपरे बिटच्या त्रिज्येइतके गोलच राहतील. ते पटाशीने साफ करा.