शेवटच्या नंबरच्या टीमला चाळिशीचा पिचर कशाला? २००४ चा रँडी जॉन्सन बघा

तुमचा प्रश्न असा की बेसबॉलची टीम हरतच चाललीय, प्लेऑफचं (सीझननंतरच्या बाद फेरीचं) नावच नको, मग चाळिशीच्या महागड्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, धरून काय करायचं, विकून टाका आणि चार तरुण पोरं आणा. मी २००३ पासून फिनिक्सला आहे आणि हाच वाद २००४ च्या अख्ख्या उन्हाळ्यात इथे रोज ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी इथली टीम डायमंडबॅक्स ५१ मॅच जिंकली आणि १११ हरली. २००१ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, जिंकलेली टीम हो ही, तीन वर्षांत ही अवस्था! दुसरा मोठा पिचर शिलिंग आदल्या हिवाळ्यात बॉस्टनला गेलेला, बॅटर रिची सेक्सनला मोठ्या आशेने आणलं तर तो २३ मॅचमध्येच खांदा धरून बसला, मधेच मॅनेजरला पण काढलं. आणि आमचा मुख्य पिचर जॉन्सन ४० वर्षांचा, गुडघ्यामुळे आदल्या वर्षी जेमतेम १८ स्टार्ट केलेले (म्हणजे १८ मॅचमध्ये पहिल्या बॉलपासून पिचिंग), त्यामुळे ऑफिसात जो तो म्हणायचा की संपला आता हा.

त्या माणसाने ३५ स्टार्ट केले. २४५ च्या वर इनिंग, २९० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए २.६०, म्हणजे नऊ इनिंगच्या पूर्ण मॅचमागे सरासरी तीन धावासुद्धा दिल्या नाहीत. पण रेकॉर्ड काय तर १६-१४ (नावावर १६ विजय, १४ पराभव), आणि लोक तेवढंच बघतात. अहो, ५१ पैकी १६ विजय एकट्याच्या नावावर आहेत! त्याला बाजूला काढलं तर बाकी सगळ्या पिचरांचं मिळून होतं ३५-९७. आपली टीम धावाच काढत नसेल तर पिचरने करायचं काय? आपल्याकडे क्रिकेटमध्ये बोलरने समोरच्यांना दीडशेत गुंडाळावं आणि आपण शंभरात आउट व्हावं, तसं झालं की हे. त्या वर्षी साय यंग अवॉर्ड (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) क्लेमेन्सला गेला, त्याचा रेकॉर्ड १८-४, ईआरए २.९८, इनिंग जॉन्सनपेक्षा तीसेक कमी. जॉन्सन दुसरा. मला तो निकाल तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही, टीम वाईट होती त्याची शिक्षा त्याला मिळाली.

पण खरा मुद्दा इनिंगचा आहे आणि तो फारसं कुणी बोलत नाही. ३५ स्टार्टमध्ये २४५ म्हणजे दर वेळी सरासरी सात इनिंग. दुबळ्या टीमचं रोजचं दुखणं काय असतं, तर स्टार्टर चौथ्या-पाचव्या इनिंगला मार खाऊन बाहेर, मग पुढचं सगळं बुलपेनने (मागून येणाऱ्या बदली पिचरांनी) ओढायचं, तीच तीच चार पोरं रोज टाकून टाकून दमतात आणि त्यामुळे उद्याची मॅच पण आजच हातातून जाते. १६२ मॅचच्या सीझनमध्ये दर पाचव्या दिवशी एक माणूस सात-आठ इनिंग एकटा सांभाळतो म्हटल्यावर त्या दिवशी बुलपेनला खरी सुट्टी मिळते. हा फायदा त्याच्या रेकॉर्डमध्ये कुठेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पिचरला मात्र बरोबर कळतो. आमचाच दुसरा पिचर ब्रँडन वेब तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, ७-१६ गेला, ११९ वॉक दिले (चार वाईट बॉल पडले की बॅटरला फुकट बेस), तरी पहिल्या नंबरच्या पिचरचं ओझं त्याच्या डोक्यावर नव्हतं. २००६ ला त्याच वेबने साय यंग घेतला.

आणि १८ मे २००४, अटलांटातली जॉन्सनची मॅच. मी टीव्हीवर सातव्या इनिंगपासून खुर्चीवरून उठलो नव्हतो, बायको जेवायला हाका मारतेय आणि मी नुसता हात दाखवतोय. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकही बेसवर पोचला नाही, १३ स्ट्राइकआउट. शेवटचा, ११७ वा बॉल ताशी ९८ मैलांचा, चाळिसाव्या वर्षी! मग कॅचर रॉबी हॅमक धावत आला आणि त्या सहा फूट दहा इंचाच्या माणसाला बिलगला. असा परफेक्ट गेम टाकणारा सगळ्यात मोठ्या वयाचा पिचर झाला तो, त्याआधी हा मान ज्याच्या नावाचं ते अवॉर्ड आहे त्या साय यंगचा, ३७ व्या वर्षीचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बेसबॉल न बघणारे पण त्याचंच बोलत होते. नंतर २९ जूनला ४००० वा स्ट्राइकआउट झाला, तोवर हा टप्पा गाठणारे पिचर फक्त तीनच होते. आम्ही तिकिटं काढायचो ती त्याची पाळी कधी आहे ते मोजूनच, बाकीचे चार दिवस कोण खेळतंय ते बघायचो पण नाही.

आता विकायचं का? जुलैत न्यूयॉर्क यँकीजच्या नावाची खूप चर्चा झाली, जॉन्सनच्या करारात त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड करता (दुसऱ्या टीमला देता) येणार नाही असं कलम होतं, आणि तो राहिला. जानेवारी २००५ मध्ये मात्र यँकीजला गेलाच. बदल्यात पिचर हावियर वाझकेझ, अजून दोन तरुण खेळाडू आणि रोख पैसे. वर्षभरात वाझकेझला शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन जे आले त्यात ख्रिस यंग होता, आणि त्या पोराने २००७ ला ३२ होमरन मारले, टीम ९० मॅच जिंकून आपल्या डिव्हिजनमध्ये (गटात) पहिली आली. म्हणजे तुम्ही म्हणता ती तरुण पोरं आलीच की, पण चाळिशीतल्या पिचरने ते २००४ चं वर्ष तसं काढलं म्हणून त्याला भाव आला ना! २००३ नंतर, दुखऱ्या गुडघ्यासकट विकला असता तर कुणी काय दिलं असतं?

आणि २००७ च्याच सीझनला जॉन्सन स्वतः फिनिक्सला परत आला होता, ४३ वर्षांचा, पाठीच्या ऑपरेशननंतर. दहाच स्टार्ट करता आले त्याला, पण तिकिटं आम्ही तेव्हाही त्याची पाळी मोजूनच काढली.