तेवीस अध्यायांची थकबाकी

"मॅडम, माझा विश्वास थंड पडलाय का?" मी समुपदेशक; ख्रिस्ती कुटुंबांतल्या नोकरदार आयांकडून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मागोमाग कारणही येतं: प्रार्थनेला निवांत बसणंच होत नाही. इथे ज्या ताईंबद्दल लिहितेय, त्यांचीही तक्रार हीच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

राहायला वाकड, नोकरी हिंजवडीत, नवऱ्याची चाकणला शिफ्ट, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. अंतर फार नाही, पण मध्ये वाहतूक कोंडीचा भूमकर चौक असल्यावर किलोमीटर सांगण्यात अर्थ नसतो. माहेर पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौदच्या चर्चजवळ. मनोऱ्यातल्या घंटा वाजल्या की आजी हातातलं काम खाली ठेवायची. आता आठवण करायला मोबाइल होता आणि त्यात वर्षभरात बायबल वाचून काढायचं ॲप.

बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे दिवसाला सव्वातीनच्या आसपास. आठवडा चुकला की २३ थकले. जानेवारी संपता संपता ताई लेवीय या बायबलच्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचल्या, तोच धाकट्याला ताप आला आणि थकबाकी वाढत गेली. मग रात्री भांडी आवरल्यावर त्या अध्याय उरकायला लागल्या. काय वाचलं विचारलं, तर सांगता येईना.

आधी मी झोप, भूक, मनःस्थिती यांची चौकशी केली. प्रार्थना सुचत नाही यामागे कधी कधी नैराश्य असतं. तिथे वेळापत्रक सुधारून भागत नाही. इथे तसं नव्हतं. झोप मात्र जेमतेम पाच तास. त्यामुळे 'पहाटे साडेचारला उठत जा' हा सासूबाईंचा सल्ला मी साफ बाजूला ठेवला. त्यांचा दाखला मार्कच्या शुभवर्तमानातला (१:३५) होता: प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. खरंच आहे. पण त्याच मार्कचा सहावा अध्यायही बघा. येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे शिष्यांना जेवायलाही सवड नसते, म्हणून तो त्यांना विसाव्यासाठी एकांतात घेऊन निघतो, तर लोक धावत त्यांच्या आधीच तिथे हजर! विसावा राहतो बाजूला, पाच हजार पुरुषांच्या जेवणाचं बघावं लागतं. त्यानंतर तो शिष्यांना नावेने पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि मग डोंगरावर प्रार्थनेला जातो. ताईंच्या घरी हा निरोप देणारं कोणी नव्हतं. वेळ त्यांनी एकटीने काढायचा, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

पुढच्या भेटीला मी नवरा आणि सासूबाई दोघांनाही बोलावलं. "अगं, बस ना मग, कोण अडवतंय?" नवरा म्हणाला. अडवत कोणीच नव्हतं. डबे, दप्तरं आणि ओटा मात्र तिच्याकडे होता. सासूबाईंना वाटलं, सून वेगळी बसली की कौटुंबिक प्रार्थना मोडेल. मी विचारलं, "तुम्हाला तुमचा असा वेळ मिळायचा का?" "मला कुठला!" त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनीच सुचवलं, "जेवणानंतर मुलांना मी घेऊन बसते. गीत म्हणू, प्रार्थना करू." नवऱ्याने ओटा आणि दप्तरं घेतली. ताईंना दार लावून अर्धा तास. मोबाइल बाहेर, हातात छापील बायबल, आणि एकच उतारा आठवडाभर.

रविवारचंही बोलणं निघालं. उपासना, संडे स्कूल, गायनमंडळ, महिला मंडळाचा हिशेब, सगळीकडे ताई. चर्चची कामं केली की विश्वासाचं काम झालं, असा घोळ चांगल्या मंडळींत फार दिसतो. हिशेब त्यांनी दुसरीकडे सोपवला. कुणी नाराजही झालं.

नवऱ्याची दुसरी शिफ्ट असते त्या आठवड्यात हे सगळं कोलमडतं. त्या आठवड्याची भरपाई करायची नाही, एवढंच आम्ही ठरवलं. शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं, "ते वर्षभराचं वाचन पुन्हा सुरू करू का?" म्हटलं, करा, पण तारखा काढून टाका. लेवीय अजून तिथेच आहे. सध्या सुट्टीच्या दिवशी नवराही शेजारी बसतो आणि दोघं मिळून स्तोत्रं वाचतात.