ब्रेकच्या डबीत स्टिअरिंगचं तेल: दुरुस्ती, कर्ज की विक्री?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून घरातली पॉवर स्टिअरिंग ऑइलची बाटली तुम्ही ब्रेकच्या डबीत ओतलीत आणि दोन दिवस गाडी चालवलीत. आता पेडल घट्ट झालंय, चाकं धरून राहतात. एक मेकॅनिक म्हणतो, फ्लश करून बघू, म्हणजे आतलं तेल काढून, धुऊन नवं भरू. दुसऱ्याने रबराचे सगळे भाग बदलायला सांगितलेत. त्याचं एस्टिमेट गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे तुमच्या दीड महिन्याच्या घरखर्चाइतकं. गाठीला पाच महिन्यांचा आणीबाणी निधी आहे. तो मोडू, कर्ज काढू, की गाडी आहे तशी विकू?

आधी फ्लश, कारण स्वस्त दिसतो तो हाच पर्याय. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि आतले सील त्यालाच मानवणाऱ्या ईपीडीएम रबराचे. पॉवर स्टिअरिंगचं तेल सहसा खनिज जातीचं, आणि खनिज तेल लागलं की हे रबर फुगतं. डबीचं झाकण उघडून आतली रबरी चकती बघा. ती वेडीवाकडी होऊन झाकणात बसत नसेल, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब तेलाला देणारा भाग), कॅलिपर (चाकाशी ब्रेक आवळणारा भाग) आणि होजमध्येही (रबरी नळ्यांतही) तेच चाललंय असं समजा. धातूच्या नळ्या धुऊन निघतात, पण फुगलेल्या रबराचा भरवसा पुन्हा धरता येत नाही. आज फ्लशची मजुरी द्याल आणि महिन्याभरात तेच सगळं उघडायची मजुरी पुन्हा द्याल. पेडल दाबण्याआधी चूक लक्षात आली असती, तर सिरिंजने डबी रिकामी करून भागलं असतं. ती वेळ गेली.

विक्रीचा हिशोब सरळ आहे. चालू गाडीची किंमत शंभर धरली तर दुरुस्तीला तेहतीस. म्हणजे ब्रेक बिघडलेत हे सांगूनही कुणी सदुसष्टच्या वर देत असेल, तरच विका. (न सांगता विकायचं असेल तर मला विचारू नका.) मला नाही वाटत कुणी देईल. मात्र एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिटही बदलावं लागून आकडा साठच्या पुढे गेला, तर हा हिशोब पुन्हा मांडा. गेल्या महिन्यात घातलेले नवे टायर त्यात धरू नका. ते पैसे गेलेच आहेत.

विम्यावर विसंबू नका. नेहमीची पॉलिसी अपघात आणि चोरीसाठी असते. आपल्याच हाताने ओतलेलं चुकीचं तेल सहसा त्यात बसत नाही.

राहिलं कर्ज. बचत खात्यावर मिळणारं व्याज कमी, वैयक्तिक कर्जाचं जास्त, वर प्रोसेसिंग फी. निधी जपायचा म्हणून हा फरक स्वतःच्या खिशातून भरण्यात अर्थ नाही. निधीतूनच पैसे द्या. साडेतीन महिन्यांची सोय तरीही उरते, आणि दरमहा पाव महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला टाकलीत तर सहा महिन्यांत खड्डा बुजेल. नोकरी डळमळीत असेल तरच निम्मं निधीतून, निम्मं कमी मुदतीच्या कर्जातून करा.

होकार देण्याआधी एस्टिमेट भागवार लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. टोइंगचा खर्च एस्टिमेटमध्ये आहे की वेगळा, तेही विचारून घ्या.