भर दुपारी झोपलेला माणूस आळशीच असतो का?

प्रश्न : माझ्या रोजच्या वाटेवर पुलाखाली काही माणसे भर दुपारी झोपलेली दिसतात. त्यांतली बरीचशी धडधाकट आहेत. माझे यजमान म्हणतात, ‘यांना काम नको असते, हातावर पैसे ठेवले तर ते दारूत जातात आणि निवारा बांधून दिला तरी तिकडे फिरकत नाहीत.’ मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. खरे काय समजावे? – एक वाचक भगिनी

उत्तर : आधी त्या दुपारच्या झोपेचे पाहू. उघड्यावर राहणाऱ्याला रात्रीची सलग झोप जवळजवळ मिळतच नाही. सामान चोरीला जाईल, कोणी लाथ मारून उठवील, या धास्तीने तो चपला उशाला आणि कागदपत्रांची पिशवी पोटाशी घेऊन अर्धवट जागाच राहतो. बाईमाणसाला तर तेवढीही पाठ टेकता येत नाही. दिवस वर येऊन वर्दळ सुरू झाली, की चार लोकांच्या देखत धोका कमी असतो, आणि मग त्याचा डोळा लागतो. काहीजण रात्रपाळी उरकूनही आलेले असतात. आपण नेमके त्याच वेळी तिथून जातो.

मुळात आपल्या नजरेस पडतात, त्यांच्यावरून सगळ्या बेघरांविषयी मत बनवणे हीच खरी गफलत आहे. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील निवाऱ्यांच्या नोंदींचा एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 80 टक्के लोक थोड्या काळापुरते आलेले आढळले. वर्षानुवर्षे तिथेच अडकलेले जेमतेम दहा टक्के होते, मात्र निवाऱ्यातील एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस त्यांच्याच नावावर होते. म्हणजे कधीही पाहिले तरी पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसणार. नोकरी गेल्यामुळे, आजारपणामुळे किंवा घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेला माणूस नातेवाइकाच्या ओसरीवर किंवा गाडीत महिना काढतो, वेळेवर कामावरही जातो. त्याला बेघर म्हणून कोणी मोजत नाही. पगार असूनही अनामत रकमेपुरते पैसे एकदम साठत नाहीत, हे त्याचे दुखणे असते.

व्यसनाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. व्यसनापायी घर गेलेले लोक आहेतच, आणि घर गेल्यावर थंडी, भीती व एकटेपण यांपायी व्यसनाला लागलेलेही आहेत. पण व्यसन हेच मूळ कारण असते, तर जिथे व्यसन अधिक तिथे बेघरही अधिक असायला हवे होते. अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अनेक वर्षे सर्वाधिक राहिले; तरीही लोकसंख्येच्या मानाने तिथले बेघर कॅलिफोर्नियापेक्षा खूपच कमी आहेत. या दोन राज्यांतल्या घरभाड्यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पैशांविषयी एक प्रयोग यजमानांना जरूर सांगा. कॅनडातील व्हँकूव्हर येथे 50 बेघरांना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर कोणतीही अट न घालता देण्यात आले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे वर्षभरातील बेघर दिवस कमी झाले आणि दारू किंवा अमली पदार्थांवरचा खर्च वाढला नाही. तीव्र व्यसन असलेल्यांना या प्रयोगात घेतले नव्हते, हेही आपणच आधी सांगून टाका. नाहीतर ते सांगतीलच.

राहता राहिला निवारा. अनेक निवाऱ्यांत नवरा-बायकोला वेगळे राहावे लागते, बोचके आत नेता येत नाही, ठरावीक वेळेनंतर दार उघडत नाही आणि सकाळी सगळ्यांना बाहेर काढले जाते. उशिरा काम सुटणाऱ्याने अशा ठिकाणी जावे कसे? फिनलंडने 2008 पासून मोठे सामायिक निवारे मोडून त्यांच्या जागी स्वतंत्र भाड्याची घरे केली. तिथे राहणाऱ्याला स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि किल्ली मिळते. व्यसन आधी सोडण्याची अट नसते, उपचारांची मदत मात्र सोबत असते. दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या त्यानंतर तिथे निम्म्याहून खाली आली.