सिलिंडरचा नंबर लेसरने जातो का? डिसेंबरात लग्न आहे, त्याआधी ऑपरेशन करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की वय २३ आहे, चष्म्याच्या चिठ्ठीतला सिलिंडरचा (तिरका) नंबर दोन वर्षांपूर्वी उणे १.२५ होता तो आता उणे २.२५ झालाय, लग्नाआधी चष्मा काढायचाय, आणि बडोद्यातच करावं की मुंबई गाठावी हे ठरत नाही.

सिलिंडर लेसरने जातो. माझा गेला. पण तुमच्या प्रश्नातला दुसराच आकडा वाचून मी थबकलो. दोन वर्षांत पूर्ण एकने वाढ. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं सांगतो. मी इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर स्क्रीनवर रेघा. उजव्या डोळ्याचा नंबर उणे १, सिलिंडर उणे २.७५, एक्सिस (सिलिंडर कुठल्या कोनात आहे तो आकडा) १८०. चष्मा काढला की ड्रॉइंगमधल्या उभ्या रेघा बऱ्यापैकी दिसायच्या, आडव्या मात्र फिसकटायच्या, एकीच्या दोन व्हायच्या. ३ चा ८ वाचला जायचा. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर प्रत्येक दिव्याला वर-खाली शेपूट फुटलेलं असायचं. साधा दूरचा नंबर असला तर सगळंच सारखं धूसर दिसतं. सिलिंडरमध्ये एका दिशेने जास्त आणि दुसरीने कमी. कारण कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरची काचेसारखी पारदर्शक टोपी, चेंडूसारखी गोल नसते. ती चमच्याच्या पाठीसारखी एका बाजूने जास्त वळलेली असते.

लेसर तो बाक सारखा करतो. ज्या दिशेला जास्त वळण तिथून थोडं जास्त खरवडायचं, एवढंच. हा एक्सायमर लेसर प्रत्येक ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर उडवतो आणि आजूबाजूचं मांस भाजत नाही. हा गुण पहिल्यांदा हाती लागला तो मूळच्या मद्रासच्या रंगास्वामी श्रीनिवासन यांना, १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो चालवून पाहिला होता. आपल्याकडच्या माणसाचं हे काम आपल्याकडेच फार कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

सिलिंडरवाल्यांसाठी खरी मेख एक्सिसमध्ये आहे. आपण आडवे झालो की डोळा खोबणीत किंचित फिरतो, काहींचा पाच-सात अंशसुद्धा. साध्या नंबराला त्याने फरक पडत नाही. पण सिलिंडरची दुरुस्ती १० अंश तिरकी बसली तर जवळजवळ एक-तृतीयांश फायदा वाया जातो, आणि ३० अंश चुकली तर सिलिंडर जेवढा होता तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलून. माझ्या डॉक्टरांनी म्हणूनच मला टेबलावर झोपवण्याआधी ताठ बसवून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शाईच्या दोन बारीक खुणा केल्या. मशीनही बुबुळाच्या नक्षीवरून डोळा किती फिरला ते ओळखत होतं. तुम्ही कुठेही गेलात तरी हे विचारा: झोपल्यावर डोळा फिरतो त्याची भरपाई तुमच्याकडे कशी करतात? लॅसिक (कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, म्हणजे ‘पडदा’, कापून उचलायचा आणि खाली लेसर मारायचा) की स्माईल (पडदा न उचलता बारीक छेदातून) या वादापेक्षा हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे.

ऑपरेशन मी उत्तरायणानंतर, जानेवारीच्या शेवटी केलं. दोन दिवस गच्चीवर उन्हात, धुळीत मान वर करून पतंग बघायचे, ते ऑपरेशननंतर परवडलं नसतं. थेंब घालून डोळा बधिर करतात, दुखत नाही. पडदा कापताना डोळ्यावर दाब येतो आणि काही क्षण सगळं अंधारतं, तेव्हा घाबरायला होतं. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. केस जळल्यासारखा वास येतो. दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासात उरकलं. घरी येऊन चार-पाच तास कांदा चिरल्यासारखं पाणी आणि चुरचुर. आईने खोलीचे पडदे ओढून घेतले, मी झोपून गेलो.

सकाळी उठून दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत आलो. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची तार आहे. आयुष्यभर चष्म्याशिवाय मला त्या दोन तारा दिसायच्या. त्या सकाळी एकच होती. तिच्यात तुटलेल्या पतंगाचा गुलाबी मांजा अडकला होता, तोही दिसला. मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला बोलताच येईना.

पुढचे सहा महिने डोळे कोरडे पडायचे, ऑफिसच्या एसीत तर फारच, थेंबांची बाटली सतत खिशात. रात्री स्कूटर चालवताना दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती हळूहळू गेली. डाव्या डोळ्यात थोडा सिलिंडर उरलाय, ०.५०. त्याला चष्मा लागत नाही. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा मात्र लागेल, तो लेसरने टळत नाही.

आता भावाचं. तो तेव्हा २२ वर्षांचा. माझं बघून त्यालाही हवं होतं. त्याचा सिलिंडर दोन वर्षांत दीडवरून तीनवर गेला होता. लहानपणापासून त्याला डोळे चोळायची सवय, धुळीची ॲलर्जी. तो एका ठिकाणी गेला तर तिथे नंबर काढला, वरवर डोळा पाहिला आणि ‘होऊन जाईल’ म्हणून पॅकेजचा कागद हातात दिला. टोकन भरलं तर सूट मिळणार होती. तो भरणारच होता. मी अडवलं ते काही फार शहाणपणाने नाही. माझ्या वेळी तासभर तपासण्या झाल्या होत्या आणि त्याच्या वेळी दहा मिनिटांत आटोपलं, एवढंच मला बोचलं.

दुसऱ्या ठिकाणी कॉर्नियाचा नकाशा काढला. पेंटाकॅम म्हणतात त्या मशीनवर. रंगीत चित्र येतं: निळा-हिरवा म्हणजे सपाट, पिवळा-लाल म्हणजे जास्त वळलेला. माझ्या नकाशात लाल भाग डमरूसारखा, वर-खाली सारखा होता. भावाच्या नकाशात वरचा अर्धा शांत आणि खालचा सगळा लालभडक, थेंब लोंबावा तसा. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवलं. केराटोकोनस. कॉर्निया कमकुवत होऊन टोकदार होत जातो, आणि म्हणून सिलिंडर वाढत जातो. अशा कॉर्नियावर लॅसिक केलं असतं तर आधीच कमजोर भिंत आणखी पातळ झाली असती, आणि पुढे कॉर्निया बदलायची वेळही आली असती.

त्याला लेसरऐवजी सीथ्रीआर केलं: रिबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, त्याने कॉर्नियाचे धागे घट्ट होतात. नंबर जात नाही, वाढ बहुतेकांची थांबते. त्याची थांबली. आता तो कडक लेन्स वापरतो आणि छान बघतो. पहिले दोन महिने मात्र माझ्याशी धड बोलला नाही, त्याला वाटलं मीच खोडा घातला.

तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. वाढत्या सिलिंडरची कारणं दुसरीही असतात. कधी कधी आधीचा नंबरच नीट काढलेला नसतो. पण नकाशा काढल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका, आणि डोळे चोळत असाल तर आजपासून बंद करा. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या शोधा आणि सोबत न्या. किमान वर्षभर नंबर स्थिर हवा, अर्ध्याच्या आत बदल चालतो. तुमचा आत्ता स्थिर आहे असं मला तरी दिसत नाही. कॉर्नियाची जाडी विचारा. साधारण ५४० मायक्रॉन असते, पडदा आणि खरवडणं वजा जाता खाली निदान २५० उरायला हवी, बरेच डॉक्टर ३०० धरतात. निरोगी पण पातळ असेल तर पडदा न कापता करायची पीआरके असते, तिचे पहिले चार दिवस दुखतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर तपासणीआधी सिलिंडरवाली मऊ लेन्स दोन आठवडे बंद, नाहीतर नकाशाच चुकीचा येतो.

लग्नासाठी घाई नको. फोटोंसाठी चष्मा नको असेल तर टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स आहेत. त्या फिरू नयेत म्हणून खालून जड असतात, आणि तुमच्या नंबराला सहज मिळतात. त्या दिवसभर वापरून सवय करा, मेंदी-हळदीच्या आधी. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर हेही लक्षात घ्या, की गरोदरपणात आणि दूध पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा लेसर करत नाहीत.

मुंबईचं म्हणाल तर, चांगली मशीन आता बडोद्यातही आहेत. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवायला जावं लागतं, आणि डोळ्यात काही खुपलं तर रात्री-अपरात्री कुणी उघडून बघणारं जवळ हवं. नकाशा काढून आणलात की त्यावर काय लिहिलंय ते इथे टाका. मी डॉक्टर नाही, पण भावाचे आणि माझे दोन्ही कागद घरात आहेत, पुढच्या भेटीत काय विचारायचं ते मी नक्की सांगेन.